आवडता लेखक सापडला, आता दुसरं पुस्तक कोणतं?

एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. शिक्षण संपल्यावर दहा-बारा वर्षं त्यांचं वाचन जवळजवळ सुटलं होतं. मध्यंतरी कुणीतरी हातात दिलेली २२५ पानांची एक कादंबरी त्यांनी तीन रात्रींत संपवली आणि संपल्यावर शेवटची चार पानं लगेच पुन्हा वाचली. लेखकाचं तोवर फक्त नाव त्यांच्या कानावर होतं. मग त्यांनी त्याच्या सगळ्या पुस्तकांची यादी केली: चौदा कादंबऱ्या, दोन कथासंग्रह, एक आत्मचरित्र. त्यांना आवडलेली कादंबरी यादीत सहावी आहे. दुसरी, तिसरी आणि चौथी हे एकाच कुटुंबाच्या गोष्टीचे तीन भाग आहेत. नववी सर्वांत गाजलेली, ७१० पानांची. ती त्यांनी उत्साहानं आणली आणि ९२व्या पानावर अडकल्या. त्याला पाच आठवडे झाले. मैत्रीण म्हणते, पहिल्यापासून क्रमानं वाच, तरच लेखक कळतो. भाऊ म्हणतो, मोठी वाचली नाहीस तर त्याला वाचलंच नाहीस. बाई लिहितात, ‘पहिली आवडली तो निव्वळ योगायोग असेल अशी भीती वाटते. आणि उलटी भीतीही वाटते, की सगळी भराभर वाचून टाकली तर पुढे काय? दुसरं पुस्तक नेमकं कोणतं घेऊ?’

तुमच्या पत्रात लेखकाचं नाव आहे, पण ते इथं मुद्दामच दिलेलं नाही. असा पेच कोणत्याही लेखकाच्या बाबतीत पडतो, आणि दुसरं पुस्तक चुकल्यामुळे चांगला लेखक कायमचा हातचा गेलेले वाचक खूप असतात. तुमचंही तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

चौदा नावांची यादी पुढ्यात घेऊन तुम्ही दुसरं पुस्तक शोधताय. त्याआधी जे वाचून झालंय त्याच्याकडे जरा परत जाऊ या. ‘मला हा लेखक आवडला’ असं तुम्ही लिहिलंय. खरं तर आत्तापर्यंत तुम्हाला एक कादंबरी आवडली आहे. एका कादंबरीत लेखकाच्या पाच-सहा गोष्टी एकत्र आलेल्या असतात, आणि त्यातल्या कोणत्या गोष्टीनं तुम्हाला धरून ठेवलं हे अजून तुमचं तुम्हालाच नीट ठाऊक नाही. ते कळलं की यादी आपोआप आखूड होते.

म्हणून आज रात्री एक काम करा. पुस्तक न उघडता, एका कागदावर, त्यातलं जे आठवतं ते पाच ओळींत लिहा. कथानक लिहू नका. कुणाचं लग्न झालं, कोण मेलं हे सांगता येतं, पण त्यावरून आपल्या आवडीबद्दल काही कळत नाही. जे न बोलावता डोळ्यांसमोर येतं ते लिहा. एखादं वाक्य, एखादी खोली, कुणाची बोलायची लकब, जिथं पुस्तक मिटून तुम्ही थोडा वेळ नुसत्या बसून राहिलात तो प्रसंग. शेवटच्या चार पानांकडे परत का गेलात, तेही लिहा. तुमच्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला तपशील तोच आहे. शेवट समजला नाही म्हणून परत गेलात, समजला आणि सोडवेना म्हणून, की शेवटामुळे सुरुवातीचा अर्थच बदलला म्हणून? तिन्ही उत्तरं तुम्हाला तीन वेगळ्या पुस्तकांकडे नेतील.

समजा पाचांपैकी तीन ओळींत वाक्यंच आली, म्हणजे सांगणाऱ्याचा आवाज तुमच्या मनात बसला आहे. मग दुसरं पुस्तक निवडताना सर्वांत आधी बघायचं ते निवेदन कोणाचं आहे. पहिली कादंबरी ‘मी’ने सांगितलेली होती आणि दुसरी बाहेरून, तृतीयपुरुषी असेल, तर तोच लेखक परका वाटू शकतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर स्वतः बोलतो. त्यानंतरच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील, आणि तिथं निवेदन तृतीयपुरुषी आहे. ‘कोसला’च्या बोलण्यानं झपाटलेला वाचक ‘बिढार’ उघडतो तेव्हा पहिल्या काही पानांत त्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटू शकतं. आपण काय शोधत होतो हे त्याला आधी माहीत असेल, तर तो थांबून नव्या आवाजाला कान सरावू देतो. माहीत नसेल तर ‘पहिल्यासारखी जमली नाही’ म्हणून पुस्तक बाजूला ठेवतो, आणि तिथं लेखकावर अन्याय होतो.

ओळींमध्ये जागा आल्या असतील, म्हणजे घर, वाट, पाऊस, नदी, माणसांचं एकमेकांत गुंतलेलं जगणं, तर तुम्हाला त्या लेखकाचा प्रदेश हवा आहे. असे लेखक त्याच मातीत पुन्हा पुन्हा परततात आणि तिथं निवड सोपी होते: त्याच प्रदेशातली दुसरी कादंबरी घ्या, मग ती कमी गाजलेली असली तरी चालेल. एखादं पात्रच मनात घर करून बसलं असेल, तर ते दुसऱ्या पुस्तकात येतं का हे तपासा. कधीकधी लेखक त्या माणसांकडे फार उशिरा परत येतो. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ची आणि ‘गारंबीची राधा’ १९९३ची. मधल्या एकेचाळीस वर्षांत लेखक बदललेला असतो. असं पुस्तक हातात घेताना तीच माणसं भेटतील, पण ती सांगणारा आता वयानं मोठा झालेला आहे, हे धरून चला.

रचनेनं तुम्हाला पकडलं असेल, म्हणजे शेवटानं सुरुवात उलटीपालटी केली, किंवा सांगणारा काहीतरी लपवत होता हे हळूहळू उमगलं, तर मात्र जरा जपून. रचनेची गंमत दुसऱ्यांदा तेवढीच लागत नाही, कारण आता तुम्ही सावध असता. अशा लेखकाचं दुसरं पुस्तक लगेच घेऊ नका, दीड-दोन महिने जाऊ द्या. काझुओ इशिगुरोच्या पहिल्या तीन कादंबऱ्या (१९८२, १९८६, १९८९) पाहा. तिन्हींत एक माणूस मागे वळून पाहतो आणि सांगता सांगता स्वतःपासूनही काही लपवतो. तिसरी, ‘द रिमेन्स ऑफ द डे’, सर्वांत प्रसिद्ध, म्हणून बहुतेक जण ती आधी वाचतात. तिच्या पाठोपाठ लगेच पहिली घेतली तर ठेवण इतकी ओळखीची वाटते की तिचं स्वतःचं बळ दिसतच नाही. आणि पाठोपाठ चौथी, ‘द अनकन्सोल्ड’ (१९९५) घेतली तर ती पाचशेपेक्षा जास्त पानांची, स्वप्नासारखी, वेळ आणि जागा यांचे नेहमीचे हिशोब मोडणारी. तीन पुस्तकांत घट्ट झालेल्या सगळ्या अपेक्षा ती गुंडाळून ठेवायला लावते. लेखक एकच, पण दोन अडचणी एकमेकींच्या अगदी उलट.

आता मैत्रिणीचं म्हणणं. क्रमानं वाचण्यात एक खरा आनंद आहे: लेखक घडताना दिसतो. पण तो आनंद ज्याला लेखक आधीच आवडतो आणि ज्याच्याकडे दोनेक वर्षांचा धीर आहे त्याचा. तुमच्या यादीतली पहिली कादंबरी म्हणजे या लेखकाचा पहिला प्रयत्न. पहिल्या कादंबऱ्यांत बरेचदा सगळंच सांगून टाकायची घाई असते, कुणाचा तरी प्रभाव ताजा असतो. तिच्यापासून सुरुवात केलीत तर सहावीत जे आवडलं ते यायला पाच पुस्तकं वाट पाहावी लागेल, आणि कदाचित तुम्ही तिसऱ्यावरच थांबाल.

शिवाय ‘क्रम’ म्हणजे कोणता? प्रकाशनाचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम नेहमी एक नसतो. जेन ऑस्टेनची ‘नॉर्थअँगर अ‍ॅबी’ १८०३मध्येच एका प्रकाशकाला विकली गेली होती, पण ती वाचकांपर्यंत पोचली तिच्या मृत्यूनंतर, १८१७च्या अखेरीस. यादीत ती शेवटाकडे दिसते आणि स्वभावानं आहे तरुणपणीची. हार्पर लीचं २०१५मध्ये आलेलं ‘गो सेट अ वॉचमन’ हे १९६०च्या तिच्या प्रसिद्ध कादंबरीच्या आधी लिहिलेलं हस्तलिखित होतं. ते ‘पुढचा भाग’ समजून वाचलं की ओळखीची माणसं अशी का वागतात हे कळेनासं होतं आणि मन खट्टू होतं. म्हणून निव्वळ प्रकाशनवर्षांवरून क्रम लावू नका. प्रस्तावनेत किंवा लेखकाच्या मनोगतात लेखनकाल दिलेला असतो, तेवढा पाहून घ्या.

जिथं क्रम पाळायलाच हवा अशी एक जागा आहे: एकच गोष्ट भागांत सांगितलेली असेल तिथं. तुमच्या यादीतली दुसरी, तिसरी, चौथी तशी आहे. ती वाचायची तर दुसरीपासूनच, आणि मध्ये फार दिवस न घालवता. एलेना फेरांतेच्या नेपल्सच्या चार कादंबऱ्या (२०११ ते २०१४) ही खरं तर चार खंडांतली एक सलग कादंबरी आहे, तिचा तिसरा खंड सुटा वाचण्यात काही अर्थ नाही. याच्या उलट बाल्झाक. त्याच्या ‘ह्यूमन कॉमेडी’त नव्वदच्या आसपास कृती आहेत, पात्रं एका पुस्तकातून दुसऱ्यात ये-जा करतात, पण प्रत्येक गोष्ट आपापली पूर्ण आहे, कुठूनही शिरता येतं. तुमच्या हातातली मालिका यांपैकी कोणत्या जातीची आहे हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या भागाची पहिली दहा पानं वाचणं. पूर्वी काय घडलं ते माहीत असल्यासारखी माणसं बोलत असतील, कुणाचीच ओळख करून दिलेली नसेल, तर भाग सुटे नाहीत.

भावाचा सल्ला प्रेमाचाच आहे, पण ‘सर्वांत गाजलेली’ आणि ‘तुमच्यासाठी पुढची’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक गाजतं ते कधी पुरस्कारामुळे, कधी त्यावर नाटक-चित्रपट निघाला म्हणून, कधी ते अभ्यासक्रमाला लागलं म्हणून, आणि पुष्कळदा ते खरोखरच मोठं असतं म्हणूनही. मोठी कादंबरी मात्र लेखकावर वाचकाचा विश्वास गृहीत धरते. शंभर पानं काहीच घडत नाही, तरी हा माणूस आपल्याला कुठेतरी नेतोय, असा भरवसा लागतो. एका २२५ पानांच्या पुस्तकावर तो भरवसा पुरेसा तयार होत नाही. दोन-तीन पुस्तकांनी होतो. शिवाय साधा हिशोब करा. तुम्ही तीन रात्रींत २२५ पानं वाचलीत ते झपाटून. रोजच्या कामातून निवांतपणे २५ पानं होत असतील, तर ७१० पानांना २९ दिवस लागतात. महिनाभर एकाच पुस्तकासोबत राहायची ती तयारी आहे, आणि दहा-बारा वर्षांनी वाचनाकडे परतलेल्या माणसानं ती दुसऱ्याच पुस्तकाला करावी असा आग्रह कुणी धरू नये.

म्हणून ९२व्या पानावर अडकण्यात तुमची काही चूक झाली असं मला वाटत नाही. मोठ्या कादंबऱ्यांत वाचक अडकतो तो बहुधा ६० ते १२० पानांच्या दरम्यान. पात्रांची गर्दी झालेली असते, धागे तीन-चार सुरू झालेले असतात आणि एकही अजून जुळलेला नसतो. त्यातही एक दिवसाआड दहा-दहा पानं वाचली तर प्रत्येक वेळी ‘हा कोण होता?’ इथूनच सुरुवात होते. त्या पुस्तकाला नंतर एक संधी द्या, आणि ती देताना थोडी तयारी करा. आधी एक सबंध मोकळी सकाळ काढून पहिली ८० ते १०० पानं एका बैठकीत वाचा. वाचताना पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नावं टिपत जा. नाव, कुणाचा कोण, आणि ओळखू येईल अशी एक खूण, एवढंच. घराण्याची गोष्ट असेल तर वंशवृक्ष काढा. तोच कागद खुणेसाठी पुस्तकात ठेवा. पाच आठवडे उलटल्यामुळे ९३व्या पानापासून पुढे जायचा प्रयत्न करू नका, पहिल्यापासून वाचा. आधी वाचलेली पानं या वेळी अर्ध्या वेळात होतील आणि ती गर्दीही तेवढी वाटणार नाही.

आणि तरीही नाही रुचलं तर? छोट्या पुस्तकाला ५० पानं, मोठ्याला एकूण पानांचा दहावा हिस्सा, इतकं वाचून मन लागलं नाही तर खुशाल ठेवून द्यावं. ठेवताना शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तारीख आणि थांबल्याचं कारण एका ओळीत लिहा. ‘भाषा जड’, ‘नायकाचा राग आला’, ‘झोप येत होती’. यातलं तिसरं कारण पुस्तकाचं नसतंच.

गाजलेल्या पुस्तकाच्या मागोमाग काय येतं, याचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे, कारण ‘आवडलेल्याच्या लगेच नंतरची कादंबरी घ्या’ असाही सल्ला सर्रास दिला जातो. गाब्रिएल गार्सिया मार्केझची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ १९६७ची. तिच्या नंतरची कादंबरी ‘द ऑटम ऑफ द पेट्रिआर्क’, १९७५ची. तिच्यात प्रकरणांच्या आत परिच्छेदच पाडलेले नाहीत आणि वाक्यं पानंच्या पानं चालतात. पहिलीच्या प्रेमात पडून थेट तिच्यावर गेलेला वाचक दमतो. त्याच लेखकाची १९८१ची ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ जेमतेम सव्वाशे पानांची आहे, एका खुनाभोवती घट्ट विणलेली, दोन संध्याकाळींत वाचून होते. लेखकाचा हात त्या सव्वाशे पानांतही पुरता ओळखू येतो. दुसरं पुस्तक म्हणून ती कितीतरी बरी.

लहान कादंबऱ्यांकडे आपण उगाच दुय्यम म्हणून बघतो. दस्तयेवस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ १८६६ची. त्याच वर्षी प्रकाशकाशी केलेल्या कराराची मुदत गाठण्यासाठी त्यानं ‘द गॅम्बलर’ ही छोटी कादंबरी २६ दिवसांत तोंडी सांगून लिहून घेतली. पाचशे पानांच्या एका अनुभवानंतर त्याच लेखकाचं दुसरं मोठं पुस्तक उचलायच्या आधी ही वाचावी. टॉलस्टॉयची ‘द डेथ ऑफ इव्हान इल्यिच’ (१८८६) शंभर पानांच्या आतबाहेर आहे आणि त्याच्या मोठ्या कादंबऱ्यांइतकीच खोल. मराठीत गौरी देशपांडे यांच्या लघुकादंबऱ्या तर दोन-दोन एकत्र येतात, नावांतच दिसतं: ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’, ‘दुस्तर हा घाट आणि थांग’. अशा पुस्तकात एका लेखिकेची दोन पावलं शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

तुम्ही जे वाचलं ते मूळ भाषेत की अनुवादात, हे पत्रात लिहिलेलं नाही. अनुवादात वाचलं असेल तर तुम्हाला आवडलेला आवाज निदान अर्धा अनुवादकाचा आहे, आणि दुसरं पुस्तक निवडताना लेखकाइतकंच अनुवादकाचंही नाव बघावं लागेल. एस. एल. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत इतक्या रुजल्या त्यात उमा कुलकर्णी यांनी सातत्यानं केलेल्या अनुवादांचा वाटा फार मोठा आहे. ‘वंशवृक्ष’ वाचलेला माणूस ‘पर्व’ उघडतो तेव्हा विषय बदललेला असतो, पण भाषा धरून चालणारा हात ओळखीचा असतो. सगळ्या लेखकांना असं भाग्य लाभत नाही. दर पुस्तकाला अनुवादक वेगळा असला की एकाच लेखकाची पुस्तकं तीन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी लागतात. पुस्तक घेण्याआधी शीर्षकाच्या पानामागची बाजू वाचायची सवय लावून घ्या. मूळ नाव काय, मूळ प्रकाशन कोणत्या वर्षीचं, अनुवाद मूळ भाषेतून आहे की इंग्रजीवरून, आणि कुठं बारीक अक्षरात ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ असा शब्द आहे का. ७०० पानांची म्हणून ऐकलेली कादंबरी अनुवादात २५० पानांची दिसली तर हातातलं पुस्तक पूर्ण नाही, एवढं नक्की. मूळ नाव बघण्याचं आणखी एक कारण म्हणजे एकच कादंबरी दोन-तीन नावांनी निघते. इंग्रजीत दस्तयेवस्कीची ‘द पझेस्ड’, ‘द डेव्हिल्स’ आणि ‘डीमन्स’ ही एकाच पुस्तकाची नावं आहेत. यादीतून न तपासता मागवणाऱ्याच्या घरी तेच पुस्तक दोनदा येतं. एकाच कादंबरीचे दोन अनुवाद समोर असतील तर दोन्हींतलं संवादांचं एकेक पान वाचून पाहा. वर्णनं कशीही निभावून नेता येतात, पण माणसं मराठीत बोलतायत की नाही हे संवादात लगेच कळतं.

पुस्तक हातात घेऊन चाचणी करायची ती अशी. पहिली दोन पानं वाचा. मग पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातलं कोणतंही एक पान, कारण सुरुवातीवर लेखकानं जास्त मेहनत घेतलेली असते आणि मधलं पान त्याचा रोजचा हात दाखवतं. मलपृष्ठावरचा मजकूर अर्धाच वाचा, पुढच्या अर्ध्यात अनेकदा कथानक फुटतं. दुसऱ्या कुणी लिहिलेली लांब प्रस्तावना कादंबरी संपल्यावर वाचा, तीत शेवटाची चर्चा जवळजवळ ठरलेली. लेखनकाळ हवा असेल तर प्रस्तावनेचा फक्त पहिला परिच्छेद नजरेखालून घाला.

आत्मचरित्र इतक्यात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. लेखकाचं आयुष्य एकदा कळलं की प्रत्येक कादंबरीत आपण ‘ही त्याची आई’, ‘हे त्याचं गाव’ असं शोधू लागतो आणि कादंबरी पुराव्यासारखी वाचली जाते. निदान चार कादंबऱ्या होऊ द्या. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली, अपुरी राहिलेली पुस्तकं सहसा शेवटाकडे ठेवावीत, पण इथं आंधळा नियम लावू नये. काफ्काची ‘द ट्रायल’ तो गेल्यानंतर १९२५मध्ये आली, तीही त्यानं हस्तलिखितं जाळायला सांगितली असताना. तिला शेवटाकडे ढकलायचं म्हटलं तर काफ्का वाचायचाच राहील. कथासंग्रह मात्र आता चालेल, विशेषतः दोन कादंबऱ्यांच्या मध्ये. एक कथा आठवड्याला वाचली तरी आवाज कानात राहतो.

राहिल्या तुमच्या दोन भीती. पहिली योगायोगाची. दुसरं पुस्तक आवडलं नाही तर? तर तुम्हाला एक कादंबरी अतिशय आवडली होती हे जसंच्या तसं उरतं. एमिली ब्राँटेनं एकच कादंबरी प्रसिद्ध केली, १८४७मध्ये, आणि तिच्या वाचकांना दुसऱ्या पुस्तकावाचून काही खोटं ठरल्यासारखं वाटत नाही. तुमच्या बाबतीतही तसं एखादंच पुस्तक असू शकतं, लेखकानं आणखी तेरा लिहिली असली तरी. एवढं मात्र करा, की निर्णय एका पुस्तकावर न घेता दोनांवर घ्या.

दुसरी भीती, सगळं संपून जाण्याची. तीन रात्रींत एक पुस्तक संपवणाऱ्याला ती वाटणं स्वाभाविक आहे. एकाच लेखकाची पुस्तकं पाठोपाठ वाचली तर ती संपण्याआधी दुसरंच काहीतरी होतं: तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाच्या सुमाराला त्याच्या सवयी दिसू लागतात. लाडके शब्द, प्रकरण संपवायची ठरावीक पद्धत, रडवायच्या ठरावीक जागा. त्या सवयी वाईट नसतात, पण सलग वाचल्यानं त्याच डोळ्यात भरतात. म्हणून दोन पुस्तकांच्या मध्ये निदान एक पुस्तक दुसऱ्या लेखकाचं वाचा, आणि ते शक्यतो वेगळ्या जातीचं असू द्या. घरगुती ताणतणावांच्या कादंबरीनंतर प्रवासवर्णन, तसं. मालिकेचे भाग तेवढे याला अपवाद. या चालीनं वर्षाला तीन-चार पुस्तकं होतील आणि चौदा कादंबऱ्या चार वर्षं पुरतील.

तुमच्या यादीपुरतं बोलायचं तर पाच ओळींच्या कागदावर काय उतरतं त्यावर निवड ठरेल, पण मी सुरुवात इथून करेन. पाचवी आणि सातवी या दोन्ही तुमच्या सहावीच्या शेजारच्या. शेजारची म्हणजे हमखास सारखी असं नाही, मार्केझचं वर पाहिलंच. म्हणून दोन्हींची वरची चाचणी घ्या, तीनशे पानांच्या आतली आणि निवेदन सहावीसारखं असलेली निवडा. ते झालं दुसरं पुस्तक. तिसरं मुद्दाम लांबचं घ्या, बाराव्या-तेराव्यातलं एखादं, म्हणजे लेखकाचा आवाका कळेल. लागोपाठ या दोन्हींनी निराशा केली तर थांबायला हरकत नाही. नाही केली, तर तीन भागांची मालिका, दुसरीपासून, सलग. त्यानंतर ती ७१० पानांची, मोकळ्या सकाळीसकट. पहिली कादंबरी याच्याही नंतर. तेव्हा तिच्यातला कच्चेपणा टोचणार नाही, पुढच्या पुस्तकांची बीजं सापडतील. मैत्रिणीचा क्रम तिथं उपयोगी पडेल.

आणि मालिका संपल्यावर, मोठी उघडण्याआधी, सहावी पुन्हा वाचा, शेवटच्या चार पानांसकट. आज लिहाल तो पाच ओळींचा कागद तोवर तिच्यातच ठेवून द्या आणि दुसऱ्या वाचनानंतर त्याच्या मागच्या बाजूला नव्या पाच ओळी लिहा. नव्या ओळींत जे आलं असेल ते या लेखकाच्या उरलेल्या पुस्तकांत शोधायचं.